हरिश्चंद्रगड: कोणत्या वाटेने?

हरिश्चंद्रगड हा सह्याद्रीतील सुमारे १४२५ मीटर उंचीचा डोंगर अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येतो. त्याच्या दक्षिणेला पुणे जिल्ह्याचा जुन्नर तालुका लागतो आणि पश्चिमेचा कोकणकडा थेट ठाणे जिल्ह्यावर उभा आहे. माथा टोकदार नाही. वर लांबरुंद पठार आहे, त्यावर तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र ही शिखरे आहेत, आणि खोलगट भागात हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, सप्ततीर्थ पुष्करणी व पाण्यात उभे शिवलिंग असलेली केदारेश्वराची गुहा आहे. त्यामुळे इथे गडावर पोहोचणे म्हणजे एका टोकाला हात लावून येणे नव्हे. पठाराच्या कोणत्या बाजूने वर आलो यावर पुढचा सारा दिवस ठरतो.

डोंगर दख्खनच्या बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक आडवे साचले आणि त्यांत उभ्या भेगा पडल्या. दोन थरांमधला मऊ दगड झिजला तिथे कातळाच्या पोटाखालून जाणाऱ्या आडव्या वाटा मिळाल्या. पाण्याने उभ्या भेगा कोरून रुंद केल्या तिथे नाळा झाल्या. डोंगराची धार मध्येच खाली उतरली तिथे खिंड झाली. पुण्याहून जाणाऱ्यांपुढे ज्या तीन वाटा प्रामुख्याने असतात त्या नेमक्या या तीन प्रकारांच्या आहेत.

उत्तरेकडून पाचनईची वाट कातळाखालून आडवी जाते, मंगळगंगेचा ओढा ओलांडते आणि साधारण चालीने दोन-अडीच तासांत मंदिराशी पोहोचवते. दक्षिणेकडून खिरेश्वरची वाट तोलार खिंडीत चढते. खिंडीत व्याघ्रशिल्प आहे. खिंड ओलांडून सरळ उतरले तर कोथळे गाव लागते. गडाकडे वळणारी वाट रेलिंग लावलेल्या कातळावरून पठारावर येते आणि लहानमोठ्या टेकड्या चढत-उतरत मंदिराकडे जाते. हिला चार ते पाच तास लागतात. तिसरी नळीची वाट. ती कोकणातल्या बेलपाड्याहून निघते आणि कोकणकड्याच्या कुशीतल्या नाळेतून वर येते. आठ ते दहा तासांची ही चढाई आहे आणि कातळटप्प्यांवर दोर लागतो.

ट्रेकच्या जाहिरातीत या तीन वाटांपुढे सोपी, मध्यम, अवघड असे एकेक विशेषण असते. पुण्यातल्या ट्रेकिंग गटांत मात्र या निवडीवरून खरा वाद होतो, आणि तो विशेषणांनी मिटत नाही. पुढे ती दोन मते दोन पात्रांच्या तोंडून मांडली आहेत. एक आहेत काका, एसटीच्या काळापासून डोंगरात फिरणारे. दुसरी आहे गटाची तरुण लीडर, जिच्यावर तीस जणांना नेऊन आणण्याची जबाबदारी आहे.

काका: पुण्याच्या माणसाची हरिश्चंद्रगडाची वाट म्हणजे खिरेश्वर. शिवाजीनगरहून माळशेजमार्गे कल्याणला जाणारी एसटी धरायची, खुबी फाट्यावर उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने चालत गावात जायचं. नागेश्वराचं देऊळ बघायचं, मग खिंडीकडे लागायचं. डोंगर आधी लांबून दिसतो, मग जवळ येतो, मग अंगावर येतो. पाचनईला गाडीतून उतरलं की दोन तासांत देवळात! डोंगराची ओळख व्हायच्या आत माणूस वर पोहोचलेला असतो.

लीडर: काका, माझ्या यादीत तीस नावं आहेत. त्यातल्या निम्म्यांनी सिंहगडाशिवाय काही चढलेलं नाही. त्यांना पहिल्याच खेपेला पाच तास चढवायचं, वर तेवढंच उतरवायचं, हे मला पटत नाही.

काका: अगं, सिंहगडच तर परीक्षा आहे. आतकरवाडीतून सुमारे सहाशे मीटरचा चढ होतो. जो तो दीड तासात, दम न लागता चढतो, तो खिरेश्वरहून आरामात जाईल. चढ जवळपास तेवढाच आहे.

लीडर: चढ तेवढाच असेल. पण सिंहगडावर वाट हरवता येत नाही. पुढे माणसं, मागे माणसं, दर वळणावर ताकवाली मावशी. दम किती आहे ते सिंहगड सांगतो. धुक्यात उभं राहून डावीकडे की उजवीकडे, हे तो विचारतच नाही.

लीडरचा मुद्दा वजनदार आहे. पुण्यातले बहुतेक नवे ट्रेकर सिंहगडावर सराव करतात आणि त्यावरून स्वतःची क्षमता ठरवतात. हा सराव पायांसाठी उत्तम आहे. वाट शोधणे, वेळेचा हिशेब ठेवणे, गट एकत्र ठेवणे यांचा सराव मात्र त्यातून होत नाही, आणि खिरेश्वरच्या वाटेवर नेमके हेच लागते.

वेळेचा हिशेब कसा चुकतो हेही याच वाटेवर चांगले दिसते. डोंगरात लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम आजही वापरला जातो: चालण्याला दर ३ मैलांसाठी एक तास, आणि चढाला दर २००० फुटांसाठी आणखी एक तास. खिरेश्वर ते मंदिर हे अंतर सात-आठ किलोमीटर आणि चढ सहाशे-सातशे मीटर धरला, तर उत्तर तीन तासांच्या आत येते. प्रत्यक्षात चार-पाच तास लागतात, कारण नियम एका दमदार माणसाचा आहे आणि वाटेवर गट असतो. रेलिंगच्या कातळावर माणसे एकामागून एक चढतात. प्रत्येकाला दोनच मिनिटे लागली तरी तीस जणांचा तिथे एक तास जातो. हा तास कोणी चालत नसते, त्यामुळे तो हिशेबात धरायचा राहतो. मग संध्याकाळी त्याची उणीव भासते.

काका: तास गेला तर जाऊ दे. पहाटे सहाला निघालं की झालं.

लीडर: सहाला निघायचं तर पुण्यातून रात्री अकराला बस सोडावी लागते. माणसं आठवडाभर ऑफिस करून शुक्रवारी रात्री बसमध्ये बसतात, गाणी म्हणतात, दोन तास झोपतात आणि तशीच चढायला लागतात. तुम्ही खिरेश्वरला मुक्काम करून सकाळी निघत होतात. आता दोन दिवसांची सुट्टी मागितली तर निम्मी यादी गळते.

काका: मग गळू दे की. झोप न झालेल्या माणसाला डोंगरात नेणं चूक आहे. त्यात वाट सोपी का अवघड हा प्रश्नच नाही.

लीडर: बरोबर. पण झोप झालेली नाही हे गृहीत धरायचं असेल, तर मी त्यातल्या त्यात छोटी वाट घेईन. शिवाय बसचा ड्रायव्हरही रात्रभर जागा असतो, आणि शनिवारी रात्री त्यानेच आम्हाला परत आणायचं असतं. पाचनईहून मी चार वाजता गाडीत असेन. खिरेश्वरहून सात वाजतील.

या मुद्द्यावर काकांचे म्हणणे तत्त्वतः खरे आहे, लीडरचे व्यवहारतः. पण रस्त्याचाही विचार हवा. पाचनईला पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ असे जावे लागते आणि शेवटचा टप्पा अरुंद व वळणांचा आहे. खिरेश्वर त्या मानाने महामार्गाच्या जवळ आहे. पायांचे वाचलेले दोन तास काही अंशी चाकांवर खर्च होतात. वाट निवडताना दिवस गावाच्या पारापासून मोजला जातो, तो खरे तर पुण्यातल्या घरापासून घरापर्यंत मोजायला हवा.

खिरेश्वरच्या वाटेची खरी अडचण तोलार खिंडीपर्यंत नाही आणि रेलिंगच्या कातळावरही नाही. कातळ पाहून माणसे घाबरतात, सावध होतात, एकमेकांना हात देतात. अडचण त्यानंतर सुरू होते, जेव्हा चढ संपला असे वाटून सगळे सैल पडतात. पठारावर एकामागून एक सारख्याच दिसणाऱ्या टेकड्या येतात. मध्ये कारवीचे दाट रान आहे. बालेकिल्ल्याच्या बाजूने जाणारी वाट वेगळी, टेकड्यांमधून जाणारी वेगळी, आणि पावसाळ्यात पाणी वाहून उघडे पडलेले चर हुबेहूब पायवाटेसारखे दिसतात. जून ते सप्टेंबरात कोकणातून वर येणारी ढगाळ हवा कड्यावर आदळून पठारावर पसरते, तेव्हा दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. या टप्प्यात वाट चुकून गटांना रात्र उघड्यावर काढावी लागल्याच्या घटना घडल्या आहेत.

लीडर: आता फोनमध्ये वाटेची नोंद घेऊन जातो आम्ही. आधी कोणीतरी चाललेल्या वाटेची रेघ नकाशावर दिसते, नेटवर्क नसलं तरी.

काका: ती रेघ कोणी कधी काढली? जानेवारीत काढलेली रेघ ऑगस्टमध्ये ओढ्यातून जाते. आणि पावसात भिजलेल्या हाताला फोन ऐकत नाही, हे तुलाही माहीत आहे. खिरेश्वरातला वाटाड्या घे. त्याला कोणता ओढा कधी चढतो ते ठाऊक असतं, आणि वाट चुकलीच तर गुरांच्या खुणांवरून परत कसं यायचं तेही.

लीडर: वाटाड्या घेतेच मी. पण तीस जणांत तो एकच. पुढचे त्याच्याबरोबर, मागचे माझ्याबरोबर, आणि मधल्या दहांना धुक्यात ना तो दिसतो ना मी. गट असा मधूनच तुटतो. म्हणून पावसाळ्यात खिरेश्वर नकोच म्हणते मी.

काका: पावसाळ्यात नको, हे मान्य. तीस जणांना तर नकोच. बारा जण असते तर मी नेले असते.

लीडर: काका, बारा जणांसाठी तुम्ही अजून पाऊसच मागताय!

इथे थंडीचाही विचार करावा लागतो, कारण पुणेकर तो सहसा करत नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. पठार त्याहून सातशे-आठशे मीटर उंच आहे, आणि उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे वर पाच अंशांचा फरक. एवढ्याने काही होत नाही. पण अंग भिजलेले असेल, वारा जोरात असेल आणि माणूस वाट चुकून बसून राहिला असेल, तर शरीराची उष्णता वेगाने जाते. ऑगस्टमधल्या सह्याद्रीत माणूस गारठून दगावू शकतो ही गोष्ट घरी बसून खोटी वाटते. म्हणून प्रत्येकाच्या पाठपिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कपड्यांचा एक कोरडा जोड असणे हे खिरेश्वरच्या वाटेवर पाण्याच्या बाटलीइतकेच गरजेचे आहे.

लीडरने पाचनईच्या बाजूने एवढे मुद्दे मांडल्यावर काकांचे पुढचे म्हणणे अनपेक्षित ठरते. त्यांच्या मते पाचनईची वाट सोपी असली तरी तिच्याने होणारा प्रवास तितका निर्धोक नाही.

काका: तुझी माणसं पाचनईहून दहाला देवळात. ताजीतवानी. हातात सगळा दिवस. मग ती कुठे जाणार?

लीडर: कोकणकड्यावर.

काका: आणि तिथे किती वेळ? माझ्या वेळी खिरेश्वरहून आलेला माणूस दमलेला असायचा. कड्यावर गेला की पोटावर झोपायचा, डोकं पुढे काढायचा, खाली बघायचा, गप्प व्हायचा आणि मागे सरायचा. आता अर्धं पुणं तिथे उभं राहून फोटो काढतं. वाट जेवढी सोपी, तेवढी नवखी माणसं जास्त, आणि तेवढी ती सगळी एकदम कड्याच्या काठावर.

लीडर: ते खरं आहे. पाचनईच्या वाटेवर मला भीती वाटत नाही, ती सगळी कड्यावर वाटते.

कोकणकडा अर्धगोलाकार, आत वळलेला आहे. काठावर उभे राहिलेल्या माणसाला पायाखालचा कातळ दिसत नाही, कारण तो मागे गेलेला असतो. दिसते ती एकदम खालची दरी. काठाजवळ गवत वाढते आणि पावसाळ्यात त्यावरून पाय घसरतो. खालून वर येणारा वारा इतका जोरकस असतो की हलक्या वस्तू खाली पडत नाहीत, परत वर येतात. त्यात दरीत धुके आणि पाठीशी सूर्य असेल तर समोर इंद्रवज्र दिसते, म्हणजे संपूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध पाहणाऱ्याची स्वतःची सावली. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या या दृश्याची नोंद केली. ते बघायला पुढे सरकण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो. अनुभवाने कड्याचा धोका संपत नाही: आयुष्यभर सह्याद्री धुंडाळलेले ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये याच कड्यावर अपघाती मृत्यू झाला.

म्हणून पाचनईने जाणाऱ्या गटाची तयारी चढासाठी कमी आणि कड्यासाठी जास्त असावी लागते. काठापासून काही मीटर मागे दोर लावणे, एका वेळी चार-पाच जणांनाच पुढे सोडणे, पुढे गेलेल्याने पालथे पडूनच खाली बघणे, पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर काठाकडे न जाणे. दोन तासांच्या सोप्या वाटेसाठी एवढे नियम लावले की गटातले काहीजण वैतागतात. लीडरने ते निघण्यापूर्वी पुण्यातच सांगून टाकलेले बरे, कारण कड्यावर गेल्यावर कोणाचे लक्ष नसते.

तिन्ही वाटांची तुलना यामुळे वेगळ्या रीतीने करता येते. पाचनईची अडचण वाट संपल्यावर, माथ्यावर आहे. खिरेश्वरची अडचण मध्ये, पठारावर आहे, आणि तिथे पोहोचेपर्यंत माणूस अर्धा दमलेला असतो. नळीच्या वाटेची अडचण तळापासून सुरू होते आणि शेवटपर्यंत सुटत नाही. कोणती वाट सोपी असे विचारण्यापेक्षा तिची अडचण कुठे आहे, तिथे आपण दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या अवस्थेत पोहोचणार, असे विचारले तर नेमके उत्तर मिळते.

हा प्रश्न जगातल्या सर्वोच्च शिखरालाही लागू पडतो आणि त्यात पुणेकरांचा अनुभव आहे. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये तिबेटच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले. गिरिप्रेमी संस्थेची मोहीम उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये नेपाळकडून, दक्षिणेच्या बाजूने गेली. दक्षिणेकडे खुंबूचा हिमप्रपात अगदी सुरुवातीला, बेस कॅम्पच्या वरच लागतो. वरच्या तळांवर ये-जा करताना तो पुनःपुन्हा ओलांडावा लागतो, आणि १८ एप्रिल २०१४ रोजी तिथे कोसळलेल्या हिमकड्याखाली १६ जणांचा जीव गेला. उत्तरेकडे हा टप्पा नाही. पण तिथे शेवटच्या दिवशी साडेआठ हजार मीटरच्या आसपास लांबलचक, वाऱ्याच्या तोंडची धार चालावी लागते आणि तिच्यावर कातळाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. एका बाजूला धोका खाली आणि वारंवार, दुसऱ्या बाजूला वर आणि एकदाच, पण जेव्हा अंगात सर्वांत कमी त्राण असते तेव्हा.

काका: आणि किलिमांजारो? आपल्याकडची कितीतरी मंडळी जातात तिथे. मारांगूची वाट छोटी, झोपायला खोल्या, म्हणून ती घेतात आणि वर पोहोचेपर्यंत डोकं दुखून परत फिरतात. माचामेने किंवा लेमोशोने गेलेले जास्त दिवस चालतात, पण पोहोचतात. लांब वाटच माणसाला तयार करते, हेच तर मी म्हणतोय.

लीडर: तिथे तयार होतं ते शरीर, विरळ हवेसाठी. ५८९५ मीटर उंची आहे. माचामेच्या वाटेवर लाव्हा टॉवरपर्यंत चढून मुक्कामाला परत सहाशे-सातशे मीटर खाली येतात, म्हणून फायदा होतो. आपल्या हरिश्चंद्रगडावर हवा विरळ होत नाही काका. इथे जास्तीचे दोन तास म्हणजे फक्त जास्तीचा थकवा.

काका: हवेचं मान्य. पण नजर तयार होते की. खिंड का महत्त्वाची, पाणी कुठून येतं, गाव इथेच का वसलं, हे पायी आल्याशिवाय कळत नाही.

लीडर: ते शिकायला मी त्यांना दुसऱ्या वेळी आणीन. पहिल्या वेळी मला त्यांनी दुसऱ्यांदा यावं एवढंच हवंय.

नळीच्या वाटेवर या दोघांच्या भूमिका उलट होतात, आणि त्यातून वादाचे मूळ अधिक उघड होते. पायी चालण्याचे समर्थक काका ती वाट गटाला नाकारतात. लीडर मात्र निवडक सहा जणांना घेऊन ती करायच्या विचारात आहे. ही वाट फक्त हिवाळ्यात, पाणी पूर्ण आटल्यावर करायची असते. पावसाळ्यात ती नाळ नसून धबधबा असतो. सुरुवातीला मोठमोठ्या धोंड्यांवरून ओढ्यातून चालावे लागते, मग दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येतात आणि घसाऱ्यावरून कातळटप्पे सुरू होतात. वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्यांकडे येतो आणि बाजूला व्हायला जागा नसते. त्यामुळे हेल्मेट लागते, गट लहान लागतो, आणि टप्प्याखाली कोणी उभे राहायचे नाही ही शिस्त लागते. पिण्याचे पाणी तळातूनच वाहून न्यावे लागते.

काका: दगडाला अनुभव कळत नाही.

लीडर: म्हणून सहाच जण, आणि सहाही जण प्रस्तरारोहणाचं शिक्षण घेतलेले. अर्ध्यावरून मागे फिरायचं म्हणजे तेच टप्पे उतरायचे, ते चढण्याहून कठीण. त्यामुळे पहिल्या टप्प्याखाली उभं राहूनच ठरवायचं, जायचं की नाही. आणि परत नळीने नाही. उतरायचं साधले घाटाने, नाहीतर पाचनईला.

काका: सहा असतील, आणि तो निर्णय तू खाली उभी राहून घेणार असशील, तर माझी हरकत नाही. तीस जणांतले वीस उत्साहाच्या भरात निघाले तर मात्र आहे.

उतरण्याचा आणि मदत पोहोचण्याचा विचार वाट निवडताना बहुधा शेवटी होतो. तो आधी व्हायला हवा. बहुतेक घोटे मुरगळतात ते उतरताना, गुडघे थकल्यावर. पाचनईच्या वाटेवर जखमी माणसाला स्ट्रेचरवरून गावात आणता येते, तिथून रस्ता आहे. तोलार खिंडीच्या वरच्या पठारावर तेच काम अनेक तासांचे होते, कारण उचलणाऱ्यांना रेलिंगच्या कातळावरून स्ट्रेचर दोराने उतरवावे लागते. नळीच्या मध्यावर मदत पोहोचायलाच दिवस लागू शकतो. महाराष्ट्रात डोंगरातील बचावाचे काम मोठ्या प्रमाणावर गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक करतात. ते आपल्या घरून, नोकरीवरून निघून येतात, आणि त्यांच्या आधी पोहोचतात ते पायथ्याच्या गावांतले महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे लोक. आपण कोणत्या वाटेने जातो यावर कोणाला आपल्यासाठी किती जोखीम घ्यावी लागेल हेही ठरते.

गावांचा विचार आणखी एका बाजूने करता येतो. पाचनईत गर्दीमुळे जेवण, राहणे, वाटाड्या यांतून रोजगार उभा राहिला आहे. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी एकाच वाटेवर एवढी माणसे येतात की वाट रुंदावते, माती वाहून जाते. हा सगळा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्काम आणि चूल यांबाबत वनविभागाचे त्या वेळचे नियम विचारूनच निघावे लागते. हिवाळ्यात काही गट खिरेश्वरकडे वळले तर पाचनईच्या वाटेला उसंत मिळते आणि दक्षिणेच्या गावात चार पैसे जातात. काकांच्या बाजूचा हा बळकट मुद्दा आहे, आणि तो लीडरनेही मान्य केला.

महिन्यांप्रमाणे विभागणी केली तेव्हा दोघांचे मत बरेच जुळले. जून ते सप्टेंबर पाचनईने जायचे आणि पाचनईनेच उतरायचे; ओढ्याला पाणी चढले असेल तर पलीकडे जायचे नाही. ऑक्टोबरात ऊन कडक असते, पण गवत हिरवे असते आणि पठारावरून दूरवरचे स्वच्छ दिसते. छोट्या गटाला खिरेश्वर चालेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खिरेश्वरसाठी सर्वांत चांगले दिवस, आणि नळीसाठी हेच एवढे दिवस. मार्चनंतर पठारावर सावली नाही, पाणी कमी आणि वाळलेल्या गवताला वणवा लागण्याची भीती. तेव्हा पहाटे पाचनईने जाऊन उन्हाच्या आत उतरावे. मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाच्या विजा पठारावर पडतात, म्हणून दुपारनंतर तारामतीवर थांबू नये.

लीडरच्या तीस जणांसाठी डिसेंबरचा शनिवार ठरला. खिरेश्वरने चढायचे, पाचनईला उतरायचे. या रचनेत दमलेल्या पायांनी रेलिंगचा कातळ उतरावा लागत नाही आणि शेवटचे दोन तास सर्वांत सोप्या वाटेवर जातात. बसला मात्र खिरेश्वरहून ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा लांबचा फेरा मारून पाचनईला यावे लागते, आणि ड्रायव्हरला त्यानंतर झोपायला चार तास मिळतील हे पाहावे लागते. काकांच्या आग्रहाने शुक्रवारचा मुक्काम खिरेश्वरात ठेवला. सुट्टी मिळत नाही म्हणून यादीतली आठ नावे गळाली, आणि लीडरने ती गळू दिली.

एकच गोष्ट शेवटपर्यंत वादात राहिली. तोलार खिंडीत गटाचा शेवटचा माणूस किती वाजेपर्यंत पोहोचला नाही तर सगळ्यांनी परत फिरायचे? काकांचे म्हणणे अकरा. लीडर दहाच्या पुढे जायला तयार नव्हती: डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, खिंडीपासून मंदिर आणि कोकणकडा करून पाचनईपर्यंत गटाला किमान सात तास लागतात, आणि उरलेला एक तास कोणाच्या तरी मुरगळलेल्या पायासाठी राखून ठेवायला हवा. हिशेब तिच्या बाजूचा होता. वेळ दहा ठरली, आणि ती खिरेश्वरातल्या वाटाड्यालाही आदल्या रात्रीच सांगायची असे ठरले.